राणीची ड्युटी

मुखेडच्या बाजारात रामकिशन बिरादारला ओळखत नाही असा बैलवाला शोधून सापडायचा नाही. माणूस बोलायला कमी. म्हणजे किती कमी, तर चहा घेता का विचारलं की नुसती मान हलवायचा, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे फक्त त्याच्या बायकोला कळायचं. पण बैलजोडी घ्यायची म्हटली की लोक त्याला मोटारसायकलवर मागे बसवून पार देवणीच्या बाजारापर्यंत घेऊन जायचे. तो लगेच बैलाच्या तोंडात हात घालायचा नाही. आधी बैल दहा पावलं चालवून बघायचा, मागून बघायचा, बाजूने बघायचा. खूर कसा पडतो, मान कुठं झुकते. मग दात बघायचे. मग पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहायचा आणि म्हणायचा, "घ्या." नाहीतर म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या." ह्या दोन शब्दांवर सौदे व्हायचे आणि मोडायचे. चाळीस वर्षांत त्याने पसंत केलेला बैल वाईट निघाला असं कुणी म्हटलं नाही, आणि ह्याची त्याला घमेंड होती, उगीच कशाला लपवायचं.

जावई मात्र वाईट निघाला.

शिरूर अनंतपाळचं ते स्थळ रामकिशनने स्वतःच पसंत केलं होतं. मुलगा मास्तर, घर पक्कं, बोलणं साखरेचं. पोरगी वर्षाराणी, घरात नुसती राणी, बीए झालेली. लहानपणापासून गोठ्यात बसून बापाला पेपर मोठ्याने वाचून दाखवायची तिची रीत होती. बाप धारा काढायचा आणि ही वाचायची. लग्नात रामकिशनने व्याह्याला शब्द दिला की माझी पोरगी तक्रार घेऊन दारात येणार नाही. दीड वर्षाने ती आली. डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

रामकिशन तेव्हा दावणीला होता. राणी अंगणात उभी राहून म्हणाली, "अप्पा, हात बघा माझा." त्याने बघितला नाही. बैलाच्या खुराला पडलेली बारीक चीर लांबून ओळखणारा माणूस, पण पोरीच्या हाताकडं वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. कडबा टाकता टाकता एवढंच म्हणाला, "मी शब्द देऊन बसलोय. परत जा. मी येतो दोन दिसांत, समजावतो त्याला."

राणी म्हणाली, "आता तुम्ही सोता बोलावल्याबिगर ह्या घरात पाय ठेवणार न्हाई." आणि पिशवी उचलून बस पकडायला निघून गेली. शिवकांता दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने ब्रही काढला नाही. नवऱ्यापुढं बोलायची तिला सवय नव्हती, आणि मोठा पोरगा बजरंग तर बहिणीवर बापापेक्षा जास्त तापलेला होता. पण ते कारण म्हणजे कारण नव्हे. त्या दिवशी आपण तांब्या खाली ठेवून पोरीचा हात धरला असता तर पुढचं काही घडलं नसतं, हे शिवकांताने पुढं पाच वर्षं रोज स्वतःला ऐकवलं.

राणी सासरी गेली नाही. नांदेडला लुंबिनी नावाच्या मैत्रिणीच्या खोलीवर राहिली, शिकवण्या केल्या, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून रेडिओवर आवाजाची परीक्षा दिली. पास झाली. घरी कुणाला ह्याचा पत्ता नव्हता. एके दिवशी देवणीच्या बाजारात, चहाच्या हॉटेलात, रामकिशन बशीत चहा ओतत होता आणि वरच्या फळीवरून राणी बोलायला लागली. पावसाळ्यात जनावरांच्या खुरांची काळजी कशी घ्यावी ते सांगत होती. रामकिशनने तीन चहा घेतले. बरोबर आलेला माणूस घाई करून राहिला होता, जोडी दाखवायची होती, पण हा उठेना. संध्याकाळी घरी आला तो काखेत नवा रेडिओ घेऊन. बजरंगने तांब्याची तार लिंबाच्या शेंड्यापर्यंत ओढली तेव्हा कुठं नांदेड नीट लागलं.

त्या दिवसापासून घराला नवा कायदा लागला. राणीचा आवाज आला की बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. रेडिओ खाटेच्या उशाला. तिच्याबद्दल मात्र एक शब्द नाही. बोलव म्हणून नाही, कशी आहे म्हणून नाही. शिवकांता मनात म्हणायची, ह्या माणसाला काय म्हणावं, कानाने पोरीला घरात घेतो आणि तोंडाने घेत नाही.

दर सोमवारी सकाळी दहाला, रामकिशन शेताकडं गेला की, राणीचा फोन यायचा. शिवकांताकडं साधा बटणांचा फोन होता, लिहिता-वाचता तिला येत नव्हतं, म्हणून शेजारच्या सुनेने दोनचं बटण दाबून धरलं की राणीला लागेल असं करून दिलं होतं. दर सोमवारी राणी शेवटी तेच विचारायची, "अप्पा काही म्हणले का गं?" आणि शिवकांता म्हणायची, "न्हाई, बाई."

दोन वर्षांमागं तिच्या हातून एक चूक झाली. गाय व्याली, कालवड झाली, आणि ही बातमी राणीला सांगायचा मोह तिला आवरला नाही. रेडिओवर तेव्हा कुणी डॉक्टर मोतीबिंदूवर बोलत होते. राणीचा आवाज नाही म्हणजे ती मोकळी असेल, असं हिने धरलं आणि दोनचं बटण दाबलं. लगेच इकडं खोलीत, रेडिओतून, फोन वाजायला लागला. राणी त्या डॉक्टरांसमोरच बसलेली होती आणि फोन बंद करायला विसरली होती. डॉक्टरांच्या बोलण्याच्या मधोमध तिच्या फोनचं गाणं गावोगावी ऐकू गेलं. राणीला वरून कागद मिळाला, दीड महिना काम मिळालं नाही. पुढच्या सोमवारी ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "माय, दुसरं कुणी बोलत असलं तरी मी तिथंच बसलेली असते. ड्युटी म्हणजे ड्युटी. तवा नको लावत जाऊ."

त्या दिवशी रामकिशनला दोन गोष्टी कळल्या. एक, बायको चोरून पोरीशी बोलते. त्याबद्दल तो काहीच म्हणाला नाही. दुसरी, आपल्या घरातून पोरीच्या पोटावर पाय पडला. त्याबद्दल तो जेवताना हात थांबवून म्हणाला, "तिच्या कामाच्या टायमाला फोन लावायचा न्हाई. मी मरून राहिलो तरी न्हाई."

आणि मग तो खरंच मरायला लागला. किडन्या गेल्या. लातूरला नेलं, डॉक्टर म्हणाले आठवड्याला तीनदा मशिनवर घ्यावं लागेल. तीन आठवडे गेला, मग म्हणाला, "बस झालं, घरी न्या." चैत्राचं ऊन वर चढत होतं, त्याच्या पायांना सूज, तोंडावर सूज, आणि पाणी मोजून द्यायचं, दिवसाला दोन पेले. फोनवर राणी रडली. "मी येऊ का, माय?" शिवकांताने हिय्या करून नवऱ्याला विचारलं. त्याने भिंतीकडं तोंड केलं. राणीला तिने तसं सांगितलं. राणी म्हणाली, "मग कशी येऊ? आले आन् त्यांनी तोंड फिरवलं, तर मी काय करू?" दोघंही एकाच मातीचे, कुणी कुणाला समजवावं?

त्या सोमवारी राणी म्हणाली, "माय, बुधवारी सकाळपासून रेडिओ चालू ठेव. दिवसभर नुसते बोलायचे कार्यक्रम हायत, गाणी न्हाईत. सात तर माझेच हायत. अप्पांना ऐकव."

"दिवसभर?" शिवकांता म्हणाली. "मग जेवायचं कवा?"

"जेवीन की," राणी हसून म्हणाली.

गाणी साठवून ठेवलेली असतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गाणाऱ्या बाया काही रोज सकाळी तिथं येऊन गात नाहीत. पण बोलणं हे ज्याच्या त्याच्या तोंडातून त्या त्या वेळी निघतं, ते साठवून कोण ठेवील? शिवकांताच्या मनात एवढंच बसलं की बुधवारी पोरीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ड्युटी आहे. रामकिशनलाही तिने तेच सांगितलं.

बुधवारी पहाटेच बजरंग औषधं आणायला लातूरला गेला. सातच्या सुमाराला रामकिशनने डोळे उघडले. आठवड्यात पहिल्यांदा त्याची नजर साफ होती.

"राणीला बोलवा," तो म्हणाला.

शिवकांता चुलीवर पाणी ठेवत होती. आपल्याला भास झाला असं तिला वाटलं. ती खाटेजवळ येऊन बसली. "काय म्हणलात?"

"राणीला बोलवा. म्हणावं, अप्पानं बोलावलंय. हात बघायचाय तिचा."

शिवकांताला फोन कुठं ठेवलाय तेच आठवेना. फळीवर, डब्यामागं, उशीखाली. शेवटी तो कमरेलाच निघाला. पाच वर्षं ज्या एका वाक्याची वाट बघितली ते नवऱ्याच्या तोंडून निघालं होतं. राणी साडेसातची बस धरील, साडेदहा-अकराला दारात येईल, हा हिशेब तिने क्षणात केला. तिने अंगठा दोनच्या बटणावर ठेवला.

"नमस्कार, श्रोतेहो," रेडिओत राणी म्हणाली. "आजचा दिवस आपण गप्पांसाठी राखून ठेवलाय."

रामकिशनने हात वर केला. "नको. तिचं काम सुरू झालं."

"अहो, एवढं एक सांगते आन् ठेवते."

"न्हाई म्हणलो ना. सुटू दे तिला."

शिवकांताने अंगठा काढला. नवऱ्याच्या भीतीने काढला असं नाही. त्या फोनचं रेडिओत वाजणं तिच्या कानातून अजून गेलं नव्हतं. पोरीचं मोडलेलं आयुष्य कसंबसं ह्या एका कामावर उभं आहे, आणि ते पुन्हा आपल्याच हाताने पाडायचं? दुपारी सुटेल, तिने स्वतःला समजावलं. दुपारी लावू.

सकाळी राणीने उन्हाळ्यातल्या तब्येतीबद्दल सांगितलं. दिवसातून आठ-दहा पेले पाणी प्या, म्हणाली, तहान लागायची वाट बघू नका. रामकिशनचे सुकलेले ओठ हलले. "ऐकलं का? राणी म्हणून राहिली. पाणी दे."

"तुम्हाला न्हाई ते, डॉक्टरनी..."

"राणी म्हणून राहिली ना."

तिने दिलं. अर्धा पेला. मग उरलेला अर्धाही दिला. आता मोजून काय करायचं होतं?

नऊला दुसऱ्या कुणाचं भाषण झालं, जुन्या विहिरींबद्दल. शिवकांता तेवढ्यात फोन हातात घेऊन अंगणात गेली. नंतर तिला वाटलं, राणी आत्ता त्या भाषणवाल्यासमोर बसली असेल. मागच्या वेळी असंच तर झालं होतं. ती आत आली. दहाला बायकांसाठी कार्यक्रम लागला, त्यात राणीने दोन बचत गटवाल्यांशी गप्पा मारल्या, हसली, त्यांना बोलतं केलं. पोरगी किती छान बोलते, आणि आपण जन्मात कुणापुढं दोन शब्द धड बोललो नाही, असं शिवकांताला वाटलं.

अकराला जनावरांच्या डॉक्टरांची मुलाखत होती, देवणी जातीवर. रामकिशनने उठवून बसवायची खूण केली. शिवकांताने त्याच्या पाठीला दोन उशा लावल्या. राणीने डॉक्टरांना विचारलं, "बैल चालवून बघताना आधी मागून का बघायचं?" डॉक्टर थोडे अडखळले आणि कायतरी वजनाबद्दल बोलले.

"तसं न्हाई ते," रामकिशन खाटेवरून म्हणाला. "मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडतो का ते बघायचं असतंय."

रेडिओत राणी म्हणाली, "माझे वडील सांगायचे, मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडला पाहिजे."

रामकिशनचे डोळे भरून आले आणि सुजलेल्या गालावरून पाणी ओघळलं. ते त्याने पुसलं नाही. शिवकांताने पदराने टिपलं. "आता लावू का?" तिने विचारलं. "अशात तरी लावू द्या."

"चांगलं चाललंय तिचं," तो म्हणाला. "मधी नको. सुटू दे."

ह्याला प्रेम म्हणायचं की खुळेपणा? पाच वर्षांपूर्वी ज्याने पोरीचं ऐकून घेतलं नाही, तो आज तिचं बोलणं अर्ध्यात तुटू नये म्हणून जीव धरून बसला होता. शिवकांताला त्याचा राग आला. असा राग तिला लग्नाच्या चाळीस वर्षांत आला नव्हता. पण तिने पुन्हा तेच केलं. ती गप्प बसली.

दुपारी एकला बजरंग आला. औषधं खाली ठेवायच्या आधी त्याला आईने सांगितलं, अप्पांनी राणीला बोलावलंय. बजरंग जिथल्या तिथं बसला. बहिणीशी तोही पाच वर्षं बोलला नव्हता, तिचा नंबरही त्याच्याकडं नव्हता. म्हणाला, "कळवलं का मग?"

"दिवसभर ड्युटी हाय तिला. आवाज येऊन राहिला बघ."

बजरंगने ऐकलं. राणी लहान पोरांना गोष्ट सांगत होती. "मी जाऊ का गाडीवर?" तो म्हणाला. "दारात उभा ऱ्हातो. सुटली की घेऊनच येतो."

तो उठलाही होता. पण तेवढ्यात रामकिशनला धाप लागली, ओठ निळे पडले, त्याला दोघांनी मिळून धरून बसवलं तेव्हा श्वास आला. बजरंगला घर सोडून नांदेडला जाता येईना. तो गावातल्याच एकाच्या गाडीवर मुखेडला डॉक्टर आणायला गेला. रेडिओत गोष्ट संपली, पत्रं सुरू झाली. राणी गावांची नावं वाचत होती, पत्र पाठवणाऱ्यांची नावं वाचत होती. रामकिशनचे डोळे मिटलेले होते, पण तिचा आवाज थांबला की बोटं हलायची, आणि पुन्हा आला की स्थिर व्हायची.

चारच्या आत बजरंग डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरने नाडी बघितली, छातीला नळी लावली, आणि बाहेर येऊन अंगणात चप्पल घालता घालता म्हणाला, "कुणी लांबचं असेल तर बोलावून घ्या. आता फार वेळ नाही."

शिवकांताने कमरेचा फोन काढला. जाऊ दे ड्युटी. जाऊ दे पोरीचं काम, जाऊ दे दीड महिना, जन्मभराचं जाऊ दे. वाजू दे साऱ्या जिल्ह्यात. आत रेडिओवर राणी धान्य साठवण्याबद्दल सांगत होती, कणगीत कडुनिंबाचा वाळलेला पाला कसा टाकावा ते. शिवकांताने दोनचं बटण दाबून धरलं आणि डोळे मिटले, आत्ता रेडिओत वाजेल म्हणून.

वाजलं नाही. पहिल्याच घंटीला पलीकडून उचलला गेला.

"माय? बोल ना. आज बुधवारी कशी?"

आणि आत राणी म्हणाली, पाला नीट वाळलेला पाहिजे, ओला राहिला तर बुरशी येते.

शिवकांताच्या एका कानात राणी, दुसऱ्या कानात राणी. "तू कुठं हायस?" तिने विचारलं.

"खोलीवर. आज मला सुट्टी हाय. सकाळपासून घरीच हाय."

"मग आत कोन बोलून राहिलंय?"

"ते होय? ते सगळं आधीचं भरून ठेवलेलं हाय, माय. मागल्या महिन्यातलं. सोमवारी सांगितलं की तुला, माझे कार्यक्रम हायत म्हून." राणी हसली आणि मग थांबली. "माय? काय झालं? अप्पा कसे हायत?"

"अप्पांनी बोलावलंय तुला."

"सोता म्हणले?" राणीने विचारलं.

"हाव. म्हणले, राणीला बोलवा, हात बघायचाय तिचा."

"कवा म्हणले?"

शिवकांताने खोटं बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. "सकाळी सातला," ती म्हणाली.

राणी रडतेय की बसची वेळ बघतेय, शिवकांताला कळेना. सकाळी सातपासून संध्याकाळी चारपर्यंत. ह्या वेळात पोरगी येऊन बापाजवळ बसून, त्याला पाणी पाजून, भांडून, रडून, सगळं करून झालं असतं. आणि आपण कायदा पाळत बसलो.

"फोन दे त्यांच्याकडं," राणी म्हणाली. "मी निघतेच हाय, पण आधी फोन दे."

शिवकांता आत धावली. खाटेशी बसून तिने फोन रामकिशनच्या कानाला लावला. "अहो, राणी हाय. बोला तिच्याशी. राणी हाय."

फोनमधून राणीचा आवाज बारीक येत होता. "अप्पा, मी राणी. मी निघाले, अप्पा. ऐकू येऊन राहिलं का?"

रामकिशनच्या कपाळाला आठी पडली. त्याने हात उचलला, एवढी ताकद त्याच्यात कुठून आली कोण जाणे, आणि फोन कानापासून ढकलला. "गप," तो म्हणाला. "राणी बोलून राहिली तिकडं. ऐकू दे."

हे फोनमध्ये ऐकू गेलं. राणीला ते ऐकू गेलं हे शिवकांताला कळलं, कारण ती फोनमध्ये बोलता बोलता एकदम थांबली.

"बंद कर ते," शिवकांता पोराला म्हणाली. बजरंगने हात लांब करून रेडिओचं बटण फिरवलं. धान्याचं बोलणं अर्ध्यात थांबलं. खोलीत फक्त रामकिशनचा श्वास राहिला, लांब लांब अंतराने येणारा.

त्याने डोळे उघडले. छताकडं बघत म्हणाला, "सुटली का?"

"हाव, सुटली," शिवकांता म्हणाली. "सुटली तुमची पोरगी."

"मग आता लाव तिला फोन."

"लावलाय. हा बघा. बोला, अहो. बोला." तिने फोन पुन्हा त्याच्या कानाला टेकवला, दुसऱ्या हाताने त्याचं डोकं धरलं, आणि फोनकडं तोंड करून म्हणाली, "राणी, बोल."

राणी बोलायला लागली. रेडिओवरच्यासारखं नाही, अडखळत, नाक ओढत. अप्पा, मी येऊन राहिले. अप्पा, हात आता बरा हाय, नुसतं थोडं वाकडं हाड राहिलंय, थंडीत दुखतंय. तुम्ही बघा आन् सांगा बरं. मी तुमच्यावर रागावले न्हवते अप्पा, म्हणजे रागावले होते, पण रोज वाटायचं, आज बोलावतील. ती आणखी बोलत होती. गोठ्याचं बोलली, पेपर वाचायचं बोलली.

बजरंगने बापाच्या छातीकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. शिवकांतालाही कळलं होतं. आणखी एक श्वास येईल म्हणून तिने वाट बघितली. तो आला नाही. पोरगी बोलत होती आणि शिवकांताचा हात फोन काढायला तयार होत नव्हता.

मग तिने काढला आणि स्वतःच्या कानाला लावला.

"राणी, थांब आता," ती म्हणाली. "अप्पा गेले, बाई."